थंड घासाची परीक्षा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाककला स्पर्धांचा हंगाम वर्षभर चालतो, फक्त बॅनर बदलतं. ९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव. सप्टेंबरात पोषण महिना आणि त्यातली अंगणवाड्यांची पाककृती स्पर्धा. नवरात्रात मंडळांच्या, जानेवारीत हळदीकुंकवाच्या जोडीनं भरणाऱ्या, भोगीला पौष्टिक तृणधान्य दिनाच्या आणि ८ मार्चला महिला दिनाच्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं, तेव्हा तर कळंबची उरकली की तुळजापूरची, ती संपली की धाराशिवची, असं चाललं होतं. मी बचत गटाकडून स्पर्धक म्हणून जायचे. अलीकडे तालुक्याला परीक्षक म्हणून बोलावतात. टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून बघून जे ध्यानात आलं, ते लिहिते आहे.

१. घास थंडच असणार, हे धरून चाला

पत्रिकेवर वेळ सकाळी १० ची असते. पाहुणे बाराला येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, दोन-तीन मनोगतं, आणि ज्यांचं नाव पत्रिकेत राहिलं त्यांचंही एक मनोगत. परीक्षकाचा चमचा तुमच्या पदार्थाला लागेपर्यंत दीड वाजलेला असतो. तुम्ही तो पहाटे पाचला उतरवलेला असतो. घरी ज्या चवीवर सगळे खूश होते ती चव परीक्षकापर्यंत पोचतच नाही.

म्हणून सराव असा करावा : पदार्थ करून झाकून ठेवायचा, शेतात नाहीतर कामाला निघून जायचं, आणि दुपारी परत आल्यावर गरम न करता एक चमचा खायचा. जी चव लागेल तीच परीक्षकाला लागणार आहे. गरम असताना बेताची वाटलेली आमटी गार झाल्यावर खारट लागते, म्हणून मीठ किंचित मागं ठेवावं. गोडाचं उलट, गार शिरा फिका लागतो. हिवाळ्यातल्या स्पर्धेत वनस्पती तूप तर वापरूच नये. ते थिजतं, टाळूला चिकटून बसतं, आणि त्यावर पुढचा कुठलाच स्वाद उमटत नाही. धपाट्याला, फोडणीला तेल बरं. साजूक तूप घालायचंच असेल तर घासाला वास येईल एवढंच.

सगळ्या स्पर्धेचं मर्म मला विचाराल तर एवढंच आहे. पुढचं जे काही लिहिते आहे ते याच एका गोष्टीच्या पोटातलं आहे.

२. वेळ गेल्यावर बिघडणारे पदार्थ घरी खावेत

भजी, पुरी, थालीपीठ, कुरकुरीत चिवडा, ऑगस्टच्या दमट हवेत तळलेलं काहीही : घरी उत्तम, मांडवात दोन तासांत वातड. याउलट आपल्या भागातले कितीतरी पदार्थ मुळात शेतात नेऊन दुपारी खायचे म्हणूनच जन्माला आले आहेत. धपाटे, उंडे, आंबील, शेंगदाण्याची चटणी, खव्याची पोळी. ह्यांना गार होण्याची भीती नाही.

हुलग्याचे शेंगोळे मधल्या गटातले. चवीला त्यांच्यासारखं कोरड्यास नाही, पण ते राखायला अक्कल लागते. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट भिजवायचं. हाताला तेल लावून पोळपाटावर बोटाएवढी जाड वळी करायची, दोन्ही टोकं जोडून कडं करायचं आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायचं. सगळे एकदम टाकले की गोळा होतो. घरी आपण शेवटी उरलेलं पीठ पाण्यात कालवून रश्शाला लावतो. स्पर्धेला ते लावायचं नाही. शेंगोळे स्वतःच रस्सा पितात, वरून पीठ लावलं की दुपारपर्यंत भगुन्यात पिठलं तयार. मी बायकांना सांगते, रस्सा पातळच ठेवा आणि फोडणीचं कढत पाणी थर्मासात वेगळं न्या. परीक्षक दोन टेबलं अलीकडे आले की वाटीत ओतायचं. एवढ्या एका थर्मासानं तो घास थंडाचा कोमट होतो, आणि तिसाव्या थंड पदार्थानंतर परीक्षकाला कोमट रश्शाचं काय वाटतं ते त्या जागेवर बसल्याशिवाय कळायचं नाही.

३. भाकरी ठेवायचीच तर पिठाकडे बघा

तृणधान्याच्या स्पर्धेत भाकरी असतेच, आणि बहुतेक टेबलांवर ती पापडासारखी कडक होऊन पडलेली असते. कारण पीठ. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, ते धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. ज्वारीची भाकरी जुळते ती ताज्या पिठाच्या विरीवर आणि आधणाच्या पाण्यावर. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटा येतो. आठवड्यापूर्वी दळून आणलेल्या पिठाची विरी गेलेली असते. काटवटीत कितीही मळा, कडा चिरणारच. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दळा, जमलं तर गिरणीवाल्याला सांगा की आमचं गव्हावर टाकू नको. दळण मिसळलं की रंग लगेच सांगतो.

ज्वारी मालदांडी असेल तर सोन्याहून पिवळं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली एम ३५-१ ही तीच. एवढी वर्षं झाली, कितीतरी नवे वाण आले, पण पांढऱ्याशुभ्र गोड भाकरीसाठी रब्बीतली मालदांडीच लोक मागतात. भाकरी तव्यावरून उतरवली की लगेच डब्यात कोंडू नये. टोपल्यात सुती धडप्यावर पसरून वाफ जाऊ द्यावी, कोमट झाल्यावर गुंडाळावी. कोंडलेल्या वाफेनं खालची भाकरी ओली होते आणि वरची चिवट.

४. पाणी घरचं न्या

हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही, अनुभवानं कळलं. जागेवर स्वयंपाक करायची स्पर्धा असेल तर डाळ शिजण्यावरच निम्म्या जणींचा जीव टांगणीला लागतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांमुळं तुरीची डाळ, हरभरा, हुलगे शिजता शिजत नाहीत. साल ताठ राहते. घरी आपल्याला आपल्या पाण्याची सवय असते, कुकरच्या शिट्ट्या किती द्यायच्या ते हाताला माहीत असतं. कार्यालयाच्या आवारातल्या टाकीचं पाणी कसं आहे ते कुणाला ठाऊक! दोन मोठ्या बाटल्या घरच्या पाण्याच्या पिशवीत टाकल्या की तो प्रश्न मिटतो. कडधान्य भिजत घालतानाही तेच पाणी.

५. मोठ्या भगुन्यातला पदार्थ छोट्या वाटीसाठी शिजवू नका

वेळा अमावस्या आपल्याकडची आणि शेजारच्या लातूरकडची. पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला ती माहीतही नसते, म्हणून त्या दिवशीची भज्जी स्पर्धेत ठेवावी असं प्रत्येकीला वाटतं. ठेवावीच. पण भज्जी म्हणजे ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, ताक, बेसन असा सगळा मार्गशीर्षातल्या शेताचा ऐवज. तो शेताच्या खोपीपुढं मोठ्या भांड्यात, सगळ्या भावकीला पुरेल एवढा शिजतो, म्हणून तशी चव येते. पावशेराच्या हिशोबानं केली की एखादी भाजी वर येते आणि बाकीच्या गप्प बसतात. घरात दहा-बारा माणसांची करा, सगळ्यांना जेवू घाला आणि त्यातली वाटीभर स्पर्धेला न्या. शेजारणी खूश, परीक्षकही खूश.

भज्जीसोबत आंबील ठेवाल तर आंबवण्याचा हिशोब हवेवर करा. पौषातल्या थंडीत ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ रात्रभर चुलीच्या उबेला ठेवलं तरी जेमतेम आंबतं. एप्रिलात तेच दुपारपर्यंत नाकाला झोंबायला लागतं. स्पर्धेची तारीख बघून पीठ कधी कालवायचं ते ठरवावं, पाककृतीच्या वहीत लिहिलेले तास बघून नव्हे.

६. ओव्हन नाही म्हणून भाजक्या पदार्थांना घाबरू नका

तृणधान्य वर्षापासून स्पर्धांत ज्वारीचे केक आणि बिस्किटं यायला लागली. केकबद्दल माझं मत सरळ आहे : न केलेला बरा. कुकरमध्ये जाड मिठाचा थर घालून, शिट्टी आणि रबर काढून केक होतो, चांगला फुगतो. पण निव्वळ ज्वारीचा केक धरून ठेवायला त्यात काही नाही. गार झाला की चुरा व्हायला लागतो आणि दुपारपर्यंत घशात अडकतो. दही, केळं, अंडी यांनी थोडा ओलावा राहतो, पण मग चव केळ्याची. काही जणी अर्धा मैदा घालतात आणि कार्डावर ‘ज्वारीचा केक’ लिहितात. पहिल्या घासाला कळतं.

नानकटाई मात्र जणू ज्वारीसाठीच आहे. तिला चिवटपणा नकोच असतो, तोंडात विरघळणं हवं असतं. गव्हाच्या पिठाच्या नानकटाईत जे मुद्दाम टाळावं लागतं, ते ज्वारीत मुळातच नाही. ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करायचं, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचं, पूर्ण गार करायचं. तूप परातीत तळहातानं फेसत राहायचं. आधी पिवळं, मग फिकट, मग पांढरं आणि हलकं. हात दुखेपर्यंत फेसायचं. त्यात पिठीसाखर, मग पीठ, थोडं बेसन, वेलची, चिमूटभर सोडा. दोन वाट्या पिठाला वाटीभर तूप आणि वाटीला थोडी कमी साखर. गोळा मळायचा नाही, फक्त गोळा करायचा.

आणि भाजायला गावातली बेकरी आहे की. दिवाळीआधी आठवडाभर आपल्याकडे बेकरीपुढं बायकांची रांग लागते : रवा, मैदा, साखर, तूप पिशवीत घेऊन. ती भट्टी बाकीच्या वर्षातही तिथंच असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या बेकरीवाल्या चाचांनी मला भट्टीचा एक नियम शिकवला. पाव काढून झाल्यावर भट्टी उतरणीला लागते, तेव्हाच बिस्किटाचा पत्रा आत जातो. पावाच्या धगीत नानकटाई वरून करपते, आतून कच्ची राहते. म्हणून चाचांना वेळ विचारून जायचं, आपल्या घाईनं नाही. चाचा लांब दांड्याच्या फळीनं पत्रा आत सरकवतात, मध्ये एकदा फिरवतात, आणि कडेला नुसता बदामी रंग आला की बाहेर. भट्टीतून काढलेली नानकटाई मऊ असते. अजून दोन मिनिटं ठेवा म्हणून त्यांच्या मागं लागू नये. पत्र्यावरच गार झाली की खुसखुशीत होते. दुसऱ्या कुणाच्या पत्र्याशी अदलाबदल होऊ नये म्हणून आपल्या प्रत्येक नानकटाईवर काहीतरी खूण करावी. मी मधोमध ज्वारीचा एक दाणा दाबते.

नानकटाई हवाबंद डब्यात कितीतरी दिवस टिकते, म्हणजे तीन दिवस आधी करून मोकळं होता येतं. स्पर्धेच्या सकाळी वीज गेली तरी बिघडत नाही. आणि तिला गार घासाची भीती नाही, कारण ती गारच खायची असते.

७. खवा हा आपला हुकमाचा एक्का, पण प्रत्येक डावात टाकायचा नाही

भूम, वाशी, कळंबकडच्या खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचा पेढा साऱ्या मराठवाड्याला माहीत आहे. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हशीच्या लिटरभर दुधाचा जेमतेम पावकिलोच्या आत खवा निघतो. एवढ्या मोलाची वस्तू जपूनच वापरावी. भट्टीवरचा ताजा दाणेदार खवा त्याच दिवशी परतून घ्यावा, साखर तो गार झाल्यावरच घालावी. गरम खव्यात साखर घातली की पाणी सुटतं आणि पोळी लाटताना फुटते.

पण स्पर्धेचे निकष वाचा. नवरात्रातल्या मंडळाच्या स्पर्धेत खव्याची पोळी बाजी मारते. पोषण महिन्यात तीच पोळी मागं पडते, कारण तिथं साखरेला आणि खर्चाला गुण कापतात. पदार्थ तोच असतो, कागद वेगळा असतो.

८. रानभाजी : आधी पाला दाखवा, मग भाजी

तरोटा, कुर्डू, पाथरी, चिघळ, केना, तांदुळजा, कर्टुली. शिजल्यावर यातल्या बऱ्याच पालेभाज्या एकसारख्या हिरव्या दिसतात. म्हणून टेबलावर मुळासकट उपटलेली, धुतलेली जुडी तांब्यात ठेवावी. परीक्षक आधी तिच्याकडेच बघतात. कुठं मिळाली, बांधावर की माळावर, फुलं यायच्या आधी खुडायची की नंतर, हे सांगता आलं पाहिजे. ओळख पक्की नसेल तर तो पाला मांडवात आणू नये. लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खातात. ही गोष्ट गुणांच्याही वरची आहे.

तरोट्याचा कोवळा पालाच घ्यावा, निबर झाला की कडू लागतो. चिघळ मुळातच आंबूस, तिला चिंच लावू नये. कर्टुली उभी चिरून बिया निबर असतील तर काढाव्यात. आणि आपल्या जिल्ह्यात एक अडचण दर दोन-तीन वर्षांनी येतेच : जूनमध्ये पाऊस ओढ देतो, बालाघाटाच्या माळावर काही उगवलेलंच नसतं आणि रानभाजी महोत्सवाचं निमंत्रण मात्र येऊन पडतं. मग काही जणी बाजारातली मेथी-शेपू आणतात. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, अंबाडी असं जे परसात टिकून आहे ते न्यावं आणि पाऊस नव्हता म्हणून हेच आणलं असं स्पष्ट सांगावं. परीक्षक इथलेच असतात, आभाळ त्यांनीही बघितलेलं असतं.

९. सजावट कमी

ताटाभोवती रांगोळी काढू नका. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, आणि मांडवात पंखा असतो. रंगीत पीठ, प्लास्टिकची फुलं, टोमॅटोचा गुलाब, सगळं घरी ठेवा. ज्याचा पदार्थ आहे ते धान्य मूठभर ताटाशेजारी ओता. शोभाही येते आणि लहान मुलं विचारतात की हे कसलं. स्टीलच्या ताटापेक्षा पितळेचं बरं दिसतं, पण आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत नको. इंग्लंडात विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्पर्धांत केकवर गार करायच्या जाळीचे व्रण दिसले तरी गुण कापतात म्हणे. आपल्याकडे इतका काटेकोरपणा नको, पण ताटाच्या काठावर सांडलेला रस्सा तेवढा पुसावा.

१०. प्रवासाचा विचार पदार्थ निवडतानाच करा

एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून जिल्ह्याच्या स्पर्धांना परंडा-उमरग्याकडच्या बायकाही दिसायला लागल्या. चांगलं झालं. पण एसटी असो की काळी-पिवळी, मांडीवरचा डबा गचक्यांतून जाणार. थर लावलेला, रचलेला, टोकावर टोक ठेवलेला पदार्थ तिथपर्यंत उभा राहत नाही. वेगवेगळ्या डब्यांत न्या, तिथं मांडा. एक रिकामी वाटी, चमचे, फडकं आणि कात्री पिशवीत असू द्या. कात्रीचं काम काय ते तिथं गेल्यावर कळेल.

११. कार्ड नीट लिहा

बायका आठ दिवस पदार्थाची तयारी करतात आणि पाककृतीचं कार्ड मांडवात बसून दुसऱ्याच्या पेननं लिहितात. अंदाजे मीठ, चवीपुरतं तिखट, बेताचं पाणी. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं एक कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापं. नव्या सुनेला ती समजली. तुमचं कार्ड वाचून दुसऱ्या गावच्या बाईला तो पदार्थ करता आला पाहिजे. वाटी लिहा, कंसात ग्रॅम लिहा, किती माणसांना पुरतं ते लिहा, आणि माणशी खर्च लिहा. अंगणवाडीच्या स्पर्धेत खर्चाचा आकडा पहिला बघतात. तिथं पाकिटबंद घरपोच आहाराचा पदार्थ करायचा असेल तर तिखट जवळजवळ नकोच. तो घास तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा आहे.

पौष्टिकतेबद्दल लिहाल ते खरं लिहा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे लिहिता येतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, हेही खरं. पण ‘मधुमेह बरा होतो’, ‘कॅन्सरवर गुणकारी’ अशी वाक्यं मी दर स्पर्धेत वाचते आणि मनातल्या मनात दोन गुण कापते. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या एखाद्या मॅडम परीक्षक असतील तर त्या मनात कापत नाहीत, विचारतातच.

१२. तिखटाला लगाम

तिखट हा आपला अभिमान, मान्य. पण काळ्या तिखटाचा रस्सा चौथ्या टेबलावर असला की पाचव्या टेबलावरच्या बाईचा पदार्थ परीक्षकाला कळतच नाही. हे अन्यायाचं आहे, आणि कधीतरी तुम्हीही पाचव्या टेबलावर असणार. येसराची आमटी करा, त्यात वास आहे, भाजलेल्या डाळी-धान्यांचा खमंगपणा आहे. झणका कमी ठेवला तरी ती उणी पडत नाही. शेवटचा क्रमांक वाट्याला आला तर घाबरू नका. दमलेल्या जिभेला आंबट बरं वाटतं. एक घोट ताक किंवा आंबील परीक्षकाच्या हातात आधी द्या, मग तुमचा पदार्थ.

१३. पिझ्झ्याच्या मागं लागू नका

‘नावीन्य’ असा एक रकाना गुणपत्रकात असतो, आणि त्या रकान्यापायी ज्वारीचा पिझ्झा, नाचणीचे मोमो, बाजरीचा बर्गर यांची रांग लागते. वर चीज, सॉस, मेयोनीज. ज्वारी कुठं आहे ते शोधावं लागतं. मुलांना धान्य आवडावं म्हणून करतो, असं बायका सांगतात. त्यात तथ्य आहे, पण त्या मुलाला शेवटी चीज आवडतं, ज्वारी नाही. माझ्या मते खरं नावीन्य विसरलेल्या पदार्थात आहे. राळ्याचा भात आज तिशीतल्या किती जणींनी खाल्लाय? भोगीला तो आपल्या घरोघरी होत होता. माझ्या सासूबाई ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, वर लसूण-लाल मिरचीची फोडणी घालायच्या. ते मांडवात ठेवलं तर अर्ध्या परीक्षकांना नवं आणि अर्ध्यांना आईची आठवण. दोन्हीकडून गुण.

परीक्षक म्हणून बसते तेव्हा नावीन्याच्या रकान्यात मी अशा पदार्थाला पूर्ण गुण देते. इतर परीक्षकांशी यावरून वाद होतात. होऊ देत.

१४. बक्षिसानंतर

बक्षीस म्हणजे पैठणीच्या नावाची साडी, कुकर, प्रमाणपत्र, कधी रोख रक्कम. ते घेऊन घरी जाण्याआधी तुमच्या टेबलाशी कोण दोनदा आलं, कुणी ‘विकत मिळेल का’ म्हणून विचारलं, ते लक्षात ठेवा. आमच्या गटाची नानकटाई स्पर्धेत दुसरी आली, पण ऑर्डरी पहिलीपेक्षा तिलाच जास्त आल्या. विकायचं ठरलं तर अन्न परवान्याची साधी नोंदणी आधी करा. छोट्या घरगुती धंद्याला ती अवघड नाही; आम्ही काढली तेव्हा वर्षाचे १०० रुपये पडले.

आता आयोजकांना एक विनंती. अमेरिकेत आयोवा नावाचं मक्याचं राज्य आहे. तिथली राज्याची जत्रा १८५४ पासून भरते, आणि तिच्यात केक, पाय, लोणची, मुरांबे यांच्या स्पर्धांचे शेकडो गट असतात. अशा जत्रांत परीक्षक शेरा लिहितो आणि तो कागद स्पर्धकाला मिळतो : कवच जाड झालं, साखर जास्त, भाजणी उत्तम. हरलेली बाई पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते घेऊन घरी जाते. आपल्याकडे गुणपत्रक आयोजकांच्या फायलीत जातं आणि पंचवीस जणी का हरलो हे न कळता परतीची गाडी पकडतात. मग परीक्षकाच्या नात्यागोत्याची चर्चा सुरू होते. दोन ओळींचा शेरा लिहायला मिनिटही लागत नाही. आणि चवीची फेरी भाषणांच्या आधी घ्या. सत्कार दोन वाजताही होतो, शेंगोळे थांबत नाहीत.

बहुतेक सरकारी स्पर्धांना प्रवेश फी नसते. तारखा वर्तमानपत्रात येतात तेव्हा उशीर झालेला असतो. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक), अंगणवाडीताईंकडे किंवा उमेद अभियानातल्या, बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपीताईंकडे आधीच नाव देऊन ठेवा.